आराम लगेच मिळतो असं नका लिहू

कमी डोसच्या रेडिएशनने संधिवाताने होणारं खुब्याचं दुखणं 'लगेच' थांबतं हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझ्या आईने घेतलंय, अर्ध्या ग्रेचे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) 6 सेशन म्हणजे एकूण 3 ग्रे (कॅन्सरला 50-60 ग्रे पण देतात, त्यामुळे डोसला घाबरू नका), पण पहिला महिना काहीच फरक नाही, उलट मधे चार दिवस जास्तच ठणकत होतं, बिचारी रडकुंडीला आलेली. दोन महिन्यांनी कुठे जिना चढायला लागली.

आणि नेदरलँड्समध्ये गुडघ्याच्या नि हाताच्या संधिवातावर खोट्या रेडिएशनशी (मशीन लावायचं पण किरण सोडायचे नाहीत) तुलना केली तेव्हा खास फायदा दिसला नव्हता, तेही लिहायला हवं होतं ना! झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) रेडिएशनने भरून येत नाही, आईचा फिजिओ अजून चालूच आहे.