मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर उपाशी राहण्याविषयी खुलासा

'मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर चार दिवस फक्त पेजेवर राहावे, म्हणजे शौचाला होणार नाही आणि दुखणारही नाही. गोळ्या घेतल्यास जखम भरत नाही,' असा संदेश सध्या फिरत आहे. यातील दोन्ही सल्ले चुकीचे असून पहिला तर रुग्णाचे हाल वाढवणारा आहे.

गुदद्वाराच्या आत एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदना फारशी जाणवत नाही, म्हणून कोंबाच्या (मूळव्याधीच्या सुजलेल्या गाठीच्या) मुळाशी रबरबँड लावून तो सुकवण्याच्या उपचारानंतर बहुधा जडपणाच वाटतो. मात्र कोंब कापून काढताना रेषेखालची अतिशय संवेदनशील त्वचा कापली जाते आणि तेथील स्नायू आवळून धरतो. उपाशी राहून अडवलेला मल कडक होतो व त्याच जखमेवर घासतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच भरपूर पाणी, भाज्या, फळे आणि सांगितले असल्यास इसबगोल घ्यावे.

कोपर बुडवल्यावर सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः शौचानंतर, 10 ते 15 मिनिटे बसल्याने आवळलेला स्नायू सैल पडतो. पाण्यात तुरटी किंवा जंतुनाशक घालण्याची गरज नसते. त्याने उलट आग होऊ शकते. पॅरासिटामॉलसारखी गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेवर, कळ असह्य होण्याआधीच घ्यावी. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाने मात्र बद्धकोष्ठता होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

ताप, लघवी अडणे, जास्त रक्तस्राव किंवा वाढत जाणारे दुखणे असल्यास, रबरबँडनंतरसुद्धा, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.