जाँ गाबाँ ‘पळून’ गेला होता का?

फ्रेंच अभिनेता जाँ गाबाँविषयी एक कहाणी वारंवार सांगितली जाते. देश जर्मनांच्या टाचेखाली असताना तो हॉलिवूडला पळाला, तिथे अभिनेत्री मार्लेन डीट्रिशच्या सहवासात युद्धाची वर्षे सुखाने काढली, परतल्यावर १९५४ पर्यंत त्याला कोणी विचारले नाही, आणि तसाही तो पडद्यावर कायम स्वतःच वावरला, अभिनय असा त्याने केलाच नाही. यातल्या प्रत्येक विधानाला सत्याचा एखादा कण चिकटलेला आहे, म्हणूनच ही कहाणी खोडून काढणे अवघड जाते.

१९४१ च्या फेब्रुवारीत गाबाँ अमेरिकेला गेला, हे खरे. डीट्रिशचा सहवासही खरा. पण हॉलिवूडमध्ये त्याने केले ते दोनच चित्रपट, आणि कहाणी सांगणारे नेमके जिथे थांबतात तिथून पुढचा भाग महत्त्वाचा आहे. १९४३ मध्ये तो जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या ‘स्वतंत्र फ्रान्स’च्या नौदलात दाखल झाला, तेलवाहू जहाजाच्या ताफ्याबरोबर अटलांटिक ओलांडून अल्जियर्सला पोहोचला आणि पुढे जनरल लक्लेर यांच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनमधील नौसैनिकांच्या रेजिमेंटमध्ये ‘सूफ्लर दोन’ नावाच्या रणगाड्याचा प्रमुख झाला. तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. १९४५ मध्ये फ्रान्समधल्या र्वायाँच्या लढाईत आणि नंतर थेट जर्मनीत हा रणगाडा गेला. ‘मेदाय मिलितेर’ आणि ‘क्र्वा द गेर’ ही पदके काही सुखात काढलेल्या वर्षांसाठी मिळत नाहीत. १९७६ मध्ये त्याच्या अस्थी ब्रेस्टजवळच्या समुद्रात नौदलाच्या जहाजावरून विसर्जित झाल्या.

परतल्यानंतरच्या काळाबद्दल थोडे मान्य करावेच लागेल. केस पांढरे झालेल्या गाबाँला पूर्वीच्या देखण्या, दुर्दैवी नायकाच्या भूमिका शोभेनात, आणि डीट्रिशबरोबरचा १९४६ चा चित्रपट सपशेल पडला. मात्र त्याला कोणी विचारतच नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. जेनोआत घडणाऱ्या, रने क्लेमाँ दिग्दर्शित १९४९ च्या ज्या चित्रपटात त्याची मुख्य भूमिका होती, त्याला परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९५१ मध्ये दृष्टी गमावलेल्या इंजिन ड्रायव्हरच्या भूमिकेसाठी व्हेनिसमध्ये तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

उरला शेवटचा आक्षेप. त्याच्या उतारवयातील काही चित्रपटांत कुरकुरणारा म्हाताराच पुन्हापुन्हा भेटतो, हे मीही नाकारणार नाही. पण १९३८ च्या ‘ला बेत ह्युमेन’ची सुरुवात पाहावी: पॅरिसहून ल आव्रला धावणाऱ्या इंजिनच्या कर्कश आवाजात ड्रायव्हर गाबाँ आणि त्याचा फायरमन केवळ हातवाऱ्यांनी बोलतात, आणि संवाद जवळजवळ नसतानाही दोघांची वर्षानुवर्षांची सोबत आपल्याला कळते. किंवा जाक बेकेर यांच्या १९५४ च्या ‘तुशे पा ओ ग्रिसबी’मधला तो प्रसंग घ्यावा, जिथे थकलेला दरोडेखोर माक्स जुन्या साथीदाराला घरी आणतो, पाव-बिस्किटांवर पॅटे (मांसाचे मऊ वाटण) लावून देतो, वाइन ओततो, मग झोपण्यासाठी त्याच्या हाती पायजमा नि दात घासायचा ब्रश ठेवतो. पिस्तूल कुठे दिसत नाही, आवाज चढत नाही. म्हातारपण आल्याची कबुली माक्स पॅटे लावणाऱ्या हातांनी देतो. नौदलातून परतलेल्या माणसाला हे ‘स्वतःच’ असल्यामुळे जमले, असे म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा.