हळहळ, घरच्या घरी

"पूर्वी लोक सगळं स्वतःच्या हातांनी करायचे हो," हे वाक्य आधी तोंडपाठ करा. म्हणताना नजर लांब कुठेतरी लावायची आणि हात खिशात ठेवायचे. बाहेर राहिले तर कुणीतरी त्यात स्क्रू ड्रायव्हर ठेवण्याचा धोका असतो.

मी लंडनच्या उपनगरात राहतो, त्यामुळे माझी हळहळ ब्रिटिश बनावटीची आहे. तुम्हीही तीच घ्या, आपल्याकडच्या मालात दम नाही. आमच्या घरी साधी तसबीर टांगायची तर सुताराला निरोप जाई. तो आठवड्याने येई, चहा घेई, भिंतीवर टकटक करी आणि "उद्या बघू" म्हणून जाई. असल्या भूतकाळावर माणूस किती उसासे टाकणार?

काळ निवडताना १९५४ साल धरा. त्या वर्षी ब्रिटनमधलं रेशनिंग संपलं, बांधकामाच्या परवान्यांची कटकट गेली. पुढच्याच वर्षी 'प्रॅक्टिकल हाउसहोल्डर' नावाचं मासिक निघालं आणि दर रविवारी नवरे शिडीवर दिसू लागले. असं का झालं, यात मात्र खोल शिरू नका. युद्धात घरांची डागडुजी रखडलेली, कारागीर मिळेनात, मिळाले तर परवडेनात. एवढं बोललात की ऐकणारा म्हणेल, म्हणजे नाइलाजच की! आपण त्याला श्रमाचा आनंद म्हणायचं.

दैवत म्हणून बॅरी बकनेल यांची स्थापना करा. १९६२ साली बीबीसीने ईलिंगमध्ये एक मोडकळीला आलेलं घर घेतलं आणि बकनेल यांनी ते ३९ आठवडे टीव्हीवर दुरुस्त करून दाखवलं. बघून देशभर लोक कामाला लागले. जुन्या खणाखणांच्या दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती गुळगुळीत करा, जिन्याचे नक्षीदार गज फळीमागे झाका, शेकोटी बुजवून टाका. 'आधुनिक' हा शब्द तेव्हा सपाट या अर्थाने वापरत.

आमचं घर शंभरी उलटलेलं. झोपायच्या खोलीचं दार असंच सपाट होतं, खाली एका कोपऱ्यात किंचित फुगलेलं. गेल्या उन्हाळ्यात माझ्यातली हळहळ अनावर झाली आणि मी त्या फुगवट्यात पटाशी घातली. कडेने दर चार बोटांवर एक चूक. (सुताराच्या भाषेत बारीक खिळ्याला चूक म्हणतात. इथे दोन्ही अर्थ चालतील.) मी मोजल्या, एका बाजूला एकशे बारा. डोकी आत दाबलेली, वर पुट्टी, पुट्टीवर रंग. कुणीतरी किती निगुतीने हे दार खराब केलं होतं! हार्डबोर्ड उचकटला, तर आत चार खणांचं पाइनचं दार, जसंच्या तसं, आणि मधल्या पट्टीवर पेन्सिलीने केलेली एक बेरीज. बेरीज चुकली होती.

हा भाग चारचौघांत सांगताना पटाशी माझ्या अंगठ्यात कशी गेली ते मी गाळतो. तुम्हीही गाळा. तसंच त्या काळी छताला हौसेने चिकटवलेले थर्मोकोलचे चौकोन आग लागली की पेटते थेंब गाळत, आणि साध्या करवतीने कापलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ लोकांच्या छातीत वर्षानुवर्षं राहिली, हेही नको. हळहळीला धूळ सोसत नाही.

थोडी विद्वत्ता पेरा. भिंतीत स्क्रू घट्ट धरून ठेवायला आपला इलेक्ट्रिशियन 'रावल प्लग' मागतो, तो कुणा रावलांचा नाही. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तो १९११च्या सुमारास काढला, ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेची जोडणी करायची होती म्हणून. हा बसवतात कसा, असं कुणी विचारायच्या आत रॉन हिकमनवर उडी मारा. लोटस इलान ही मोटार घडवणारा हा माणूस घरी खुर्चीवर फळी ठेवून कापत होता. फळीबरोबर खुर्चीही कापली गेली. त्यातून त्याला 'वर्कमेट' हे घडीचं टेबल सुचलं आणि पुढे ते कोट्यवधी विकलं गेलं. माझ्या हातून असं झालं असतं तर मी चुपचाप नवी खुर्ची मागवली असती.

शेजारी एखादे म्हातारबुवा हवेतच. आमच्या शेजाऱ्यांच्या शेडमध्ये फळीच्या खालच्या अंगाला जॅमच्या बरण्यांची झाकणं स्क्रूने बसवलेली आहेत. बरणी खालून फिरवायची की हातात येते. प्रत्येकीवर चिठ्ठी: पितळी, पाऊण इंची, वायसर, आणि एकीवर नुसतंच 'लागतील'. त्या शेवटच्या बरणीत काय आहे, असं मी एकदा विचारलं. "कशातून निघाले ते आठवत नाही, पण ती वस्तू अजून चालते," म्हणाले.

ऱ्हासाचा दोष तरुणांना द्या. ते भाड्याच्या घरात राहतात आणि घरमालक खिळा ठोकू देत नाही, हा तपशील सोडून द्या. १९९४ साली नियम आला तोवर या देशात इस्त्री घेतली की तिला प्लग आपला आपण जोडावा लागे. नियमानंतर प्लग जोडूनच येऊ लागला आणि घरोघरी येणारं एवढंसं वायरिंगही विसरलं गेलं. होमबेस ही हत्यारं आणि रंग विकणारी साखळी २०१६ साली ३४ कोटी पौंडांना विकली गेली आणि दोन वर्षांनी एका पौंडाला. एका पौंडात तिथे धड ब्रशही आला नसता. तरीही म्हणा, "आजकालच्या पोरांना हातोडी कुठून धरतात ते कळत नाही." मी दारासाठी शेवटी ज्या पोराला बोलावलं तो बावीस वर्षांचा होता आणि तासाचे पैसे घेत होता. माझी पटाशी बघून तो हसला नाही, याचंच मला जास्त लागलं.

दार आता मूळ रूपात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवतो आणि बकनेलबुवांच्या अरसिकपणावर पाच मिनिटं बोलतो. परवा बायको कापूस गुंडाळलेली काडी घेऊन त्याच्या खणांच्या खाचा पुसत होती. सोळा कोपरे, दोन्ही बाजू धरून बत्तीस. पुसता पुसता म्हणाली, "ते सपाट होतं तेच बरं होतं. एक फडका मारला की झालं."

हार्डबोर्ड मी टाकलेला नाही, गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. काढलेले खिळे ठोकून सरळ केले आणि एका रिकाम्या बरणीत भरले. वर चिठ्ठी लावली आहे: 'चुका. लागतील.'