बोट, बॉयलर आणि बेडकाची शेपटी

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्याकडे दोन गोष्टी कामातून गेल्या. बॉयलर आणि माझं बोट. बॉयलर म्हातारा होता. बोट विळीवर कापलं, आणि ती विळी साताऱ्याहून वालेन्सियापर्यंत मीच बॅगेत घालून आणलेली, तेव्हा ओरडायचं कुणाच्या नावाने?

सहा महिन्यांच्या स्पॅनिशच्या बळावर मी शेजारच्या आजींचं दार वाजवलं. "नेसेसितो उन कुरा!" मला जखम बांधून हवी होती. पण ती 'ऊना कुरा', स्त्रीलिंगी. 'उन कुरा' म्हणजे पाद्री. रक्ताळलेला रुमाल बघून आजींनी आधी छातीवर क्रूस काढला.

पट्टी त्यांनीच बांधली. वर पोरासोरांना म्हणतात तसं म्हणाल्या, "साना, साना, कोलिता दे राना." बरी हो, बरी हो, बेडकाची शेपटी. बेडकाला शेपटी कुठली, असं ओठांवर आलं होतं. पण 'आला मंतर कोला मंतर'चा पुरावा आपण तरी कधी मागितलाय?

तर बरं करायला बोटाला 'सानार' चालतं आणि 'कुरार'ही. बॉयलरला मात्र 'कुरार' चालत नाही, हे प्लंबरने शिकवलं. डॉक्टर रोग्याला कुरार करतो, तसा इथला माणूस डुकराच्या मांडीलाही करतो: मीठ चोळून, महिनोन्‌महिने टांगून. "बाई, किती महिने टांगू?" बॉयलरकडे बघत त्याने विचारलं. यंत्राला 'रेपारार', हे पाठ केलं. तेवढ्यात एका व्हॉल्व्हकडे बोट दाखवून तो पुटपुटला, "नो आबिया रेपारादो एन एस्तो." दुरुस्त केलंच नाही? मग पैसे कसले? चांगली दहा मिनिटं भांडले. 'रेपारार'पुढे 'एन' आलं की अर्थ 'लक्षात येणं' होतो. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच तो बिचारा सांगत होता.

संध्याकाळी आजींबरोबर बाजारात जायचं होतं. दारातूनच त्यांनी विचारलं, "तुझं आरेग्लार झालं का?" 'आरेग्लार' म्हणजेही दुरुस्त करणंच, म्हणून मी पट्टी वर करून दाखवली. त्या माझ्या गाऊनकडे बघत होत्या. आणि लख्ख उजेड पडला: अगं, हे तर आपलं 'आवरणं'! खोली आवरायची, केस आवरायचे, स्वतःचं आवरायचं, "आवरलं का गं?" म्हणून आईने जिन्यातून हाका मारायच्या. फक्त इथे बॉयलरचंही आवरतात.

या आनंदात आठवडा गेला आणि एका सरकारी कचेरीचं पत्र आलं. 10 दिवसांत 'सुब्सानार' करा. पोटात 'सानार' दिसल्यावर मला वाटलं, बोटाची चौकशी असेल. आजींनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. माझ्या अर्जाला एक कागद कमी होता, तो 10 दिवसांत जोडायचा होता, आणि तो मिळायचा दुसऱ्याच कचेरीतून, जिथली भेटीची वेळ पुढच्या महिन्यातली होती.

चष्मा काढून आजी म्हणाल्या, "याला मात्र उन कुराच लागेल."