कोथिंबिरीचं फडकं

काल भर दुपारी द्वारका चौकात माझी अ‍ॅम्बेसेडर बंद पडली. पुढचं तुम्हीच समजून घ्या: मागे हॉर्न, दोन पोरं ढकलायला, तिसरा व्हिडिओ काढायला.

बॉनेट उघडतोय तोवर अ‍ॅक्टिव्हावरून एक काका उतरले. हातात भाजीची पिशवी.

"चोक ओढा."

"काका, इंजिन तापलंय. आत्ता चोक ओढला तर मिश्रण आणखी रिच होईल, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त."

"ओढा हो. माझी फियाट होती."

"विकली?"

"नाही. उभी आहे."

मग माझाही तोल गेला. म्हटलं, हवेत पेट्रोल मिसळणारा हा कार्बोरेटर साधा नाही, एसयू कंपनीचा एचआयएफ आहे, आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेला. ह्याच्या फ्लोट चेंबरात, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीत, दोन धातूंची पट्टी असते. पेट्रोल तापून पातळ झालं की ते जेटमधून, म्हणजे बारीक नळीतून, जास्त वाहतं. तेव्हा पट्टी वाकते, जेट जरा वर सरकवते आणि मिश्रण आपोआप ताळ्यावर येतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

"मग बंद का पडली?"

ह्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. कारण पट्टीची काहीच चूक नाही हो! गेल्याच महिन्यात खोलून पाहिली, ठणठणीत आहे. पण ती बसते चेंबरात, आणि पेट्रोलची वाफ होते चेंबरच्या अलीकडेच, गाडीतल्या पेट्रोल पंपात आणि तापलेल्या पायपात. टाकीवरचा वॉलमन कितीही शिस्तीचा असला तरी नळात हवाच आली तर तो काय करणार? पाइप सायलेन्सरच्या मुळापासून लांब घ्या म्हणून तीन मेकॅनिकांना सांगून झालं. तिघांनीही कार्बोरेटरला पॉलिश मारून दिलं. वर आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीसाठी वेगळं पेट्रोल आहे का विचारलं, तर पेट्रोल भरणारा पोरगा हसतो.

असो. काकांनी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली, तिच्याभोवतीचं ओलं फडकं सोडलं आणि न विचारता माझ्या गाडीतल्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं. वाफ चर्रकन उठली. दहा मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

मी आभार मानत होतो, ते जुडी उलटसुलट करून बघत होते.

"सुकली. चाळीस द्या."

दिले. निघताना हेल्मेटच्या आतून म्हणाले, "चोक ओढला असता तर एवढा वेळही गेला नसता."