स्टार मिळाल्याचा पुरावा जोडा, म्हणजे स्टारचं बघू

आज सकाळी साडेअकराला पोस्टमन पाकीट देऊन गेला. खाकी पाकीट, डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का, आणि पत्त्यात माझ्या आडनावातल्या ‘ळ’चा नेहमीप्रमाणे ‘ल’. २८ वर्षं फौजेत नोकरी केली, रेकॉर्ड ऑफिसच्या ह्या लोकांनी तो ळ एकदाही न गिळता सोडला नाही. असो. कारगिलच्या लढाईचा ऑपरेशन विजय स्टार माझ्या नावावर लावा म्हणून अर्ज केला होता; दहा महिने ज्या उत्तराची वाट बघत होतो ते हातात होतं. चष्मा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली. बायको म्हणाली, आधी जेवून घ्या, मग उघडा. ऐकायला हवं होतं तिचं.

तीन परिच्छेद. पहिल्यात : आपला अर्ज, दिनांक निरंक, मिळाला. दुसऱ्यात : आमच्या रेकॉर्डनुसार आपल्याला ऑपरेशन विजय मेडल देण्यात आलेलं आहे, स्टार नाही. तिसऱ्यात : स्टारची नोंद हवी असल्यास स्टार प्रदान झाल्याच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावी, अन्यथा प्रकरण बंद समजावं.

मी तो तिसरा परिच्छेद चार वेळा वाचला. मग मोठ्याने वाचला. मग बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे स्टार मिळाला नाही असा अर्ज करायला स्टार मिळाल्याचा कागद लागतो? म्हटलं, हो. ती म्हणाली, मग पोळ्या टाकू का?

दहा महिने! माझी मोठी नात ह्या काळात चालायला लागली.

रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला. लावायला नको होता, पण लावला. लँडलाइन अर्धा तास एंगेज. मग लागला तर एक्स्टेन्शनवाल्याने ‘होल्ड कीजिए’ म्हणून ठेवलं ते ठेवलंच. तिसऱ्या वेळी एक पोरगा मिळाला. आवाजावरून पंचविशीचा. पत्राचा नंबर सांगितला, पोराने काँप्युटरवर बघितलं, आणि म्हणाला, ‘साब, आप तो क्लर्क थे ना? क्लर्क तो रिअर में रहता है.’

ह्या वाक्यानंतर मी जे काही बोललो ते बायकोने दार लावून घेतलं म्हणून शेजारी गेलं नाही.

अरे बाळा, तूही क्लार्कच ना? क्लार्क रिअरमध्ये, म्हणजे लढाईच्या मागे, राहतो हे तुला कोणी शिकवलं? जून ९९ मध्ये द्रासला रस्त्याच्या कडेला दगड रचून जे काही ऑफिस म्हणायचं होतं, त्यात पत्र्याच्या काळ्या पेटीवर टाइपरायटर ठेवून मी जखमींच्या याद्या करत होतो. घोंगडी डोक्यावरून घेऊन, टॉर्च दातात धरून. मागची बोफोर्स तोफ चालू झाली की पेटीवरचा टाइपरायटर इंच इंच सरकायचा आणि ओळ वाकडी यायची. तोलोलिंगचं शिखर आपल्या ताब्यात आल्याचं १३ जूनला कळलं तेव्हाही मी त्या पेटीसमोरच होतो. बाहेर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी कुणाच्या तरी गावाच्या नावाचं स्पेलिंग तपासत होतो, कारण ती यादी चुकली तर तार भलत्याच घरी जाते. ही कामं रिअरला बसून होत नाहीत रे.

मला परमवीर चक्र नकोय. कोणी देऊही नये. मी टायगर हिल चढलो नाही, तसं कुठे म्हटलंही नाही. कारगिल, द्रास, बटालिकच्या पट्ट्यात जो ड्युटीला होता त्याला स्टार, आणि बाकी सरहद्दीवर जे हलवले गेले त्यांना मेडल, एवढा साधा हिशोब आहे. मी पट्ट्यात होतो. तर पट्ट्यात होतो असं लिहा. संपलं.

तर पोरगा काय म्हणतो? ‘लेकिन साब, इसमें पैसा तो कुछ मिलेगा नहीं. फिर क्यूँ?’

फिर क्यूँ!

हा प्रश्न मला आजवर सगळ्यांनी विचारलाय. जावयाने विचारला. आमच्या सोसायटीच्या चेअरमनने विचारला. इथल्या एका मदत कक्षातल्या बाईंनी तर फॉर्म चाळता चाळता विचारला, काका, ह्यात आर्थिक लाभ कुठला आहे तो कॉलम भरा ना. म्हटलं, नाही काही लाभ. तर म्हणाल्या, मग हा कॉलम रिकामा राहिला तर सिस्टिम पुढे जाऊ देत नाही. शेवटी शून्य लिहिलं. शून्य रुपये शून्य पैसे.

पुरावा काय आहे असं पोराने विचारलं. म्हटलं, घरी आईला लिहिलेली पत्रं आहेत, त्या महिन्यातली, सगळी जपून ठेवलेली. ‘पता क्या लिखा है?’ पत्ता काय लिहिणार? मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. लढाई चालू असताना आपण कुठे आहोत हे पत्रात लिहायचं नसतं, हा नियम ह्याच लोकांनी शिकवला, आणि मी इतका आज्ञाधारक की आईलाही कळू दिलं नाही. पोरगा म्हणाला, ‘५६ एपीओ में तो बहुत जगह आता है साब.’ बरोबर आहे. त्यासाठीच तर लिहितात ना ते! शत्रूला कळू नये म्हणून. शत्रूला कळलं की नाही माहीत नाही, रेकॉर्ड ऑफिसला मात्र अजिबात कळलं नाही.

पे-बुकात त्या महिन्यांचा उंचीवरचा भत्ता लागलाय. सरकारने मला वर असल्याचे पैसे दिले. म्हणजे पैसे देणाऱ्या सरकारच्या मते मी वर होतो आणि मेडल देणाऱ्या सरकारच्या मते खाली. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘वो अकाउंट्स का मामला है.’

आता गंमत बघा. १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचं मेडल मिळालं. ते माझ्या नावावर अगदी बिनचूक आहे, तारखेसकट. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. दिंडोरीला भावाच्या शेतात टोमॅटोला सुतळी बांधत होतो. त्याबद्दल आजतागायत कोणी पुरावा मागितला नाही.

आणि आमचं दुर्दैव असं की राहायला नाशकात. इथे फौजी म्हटलं की लोकांना फक्त तोफ दिसते. नाशिकरोडला तोफखान्याचं सेंटर, देवळालीला तोफखान्याची शाळा. रिक्षावाला विचारतो, काका, तुम्ही तोफ उडवायचे का? म्हटलं, मी टाइपरायटर उडवायचो. गनर लोकांचं रेकॉर्डसुद्धा इथेच नाशिकरोड कॅम्पात. मी गनर असतो तर शेअर रिक्षाने जाऊन, भांडून, येताना बिटको चौकात चहा पिऊन दुपारच्या आत घरी आलो असतो. माझं रेकॉर्ड दुसऱ्या राज्यात. एकदा गेलो होतो तिकडे. दोन दिवस रेल्वेत आणि पंधरा मिनिटं काउंटरवर. ‘संबंधित बाबू छुट्टी पर है.’

वरून हे रस्ते. सिंहस्थाच्या नावाखाली जे काही खोदून ठेवलंय त्यातून नाशिकरोडपासून सीबीएस स्टँडपर्यंत झेरॉक्सच्या तीन प्रती साक्षांकित करायला जायचं म्हणजे ऑपरेशनच आहे. द्वारका चौकात पाऊण तास उभा होतो मागच्या महिन्यात. कारगिलला जाताना झोजिला खिंड लवकर पार केली होती.

नोव्हेंबर आला की जिवंत असल्याचा दाखला. मशीनवर अंगठा लागत नाही. २८ वर्षं कार्बन पेपर आणि शाई हाताळून रेषा झिजल्यात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. समोरचा मुलगा म्हणतो, काका, पुन्हा दाबा. मी समोर उभा राहून, घाम पुसत, मोठ्याने बोलत असतो आणि तरी जिवंत आहे की नाही ह्याचा निर्णय लागलेला नसतो. २०२४ ला कारगिलला २५ वर्षं झाली म्हणून सत्कार. शाल, श्रीफळ, आणि निवेदक माइकवरून ‘आपले लाडके कारगिलवीर’. माझं नाव चुकीचं घेतलं (ळ!), मग एका पुढाऱ्याचं चाळीस मिनिटं भाषण झालं, त्यात देशप्रेम होतं, हिमालय होता, शेवटी वॉर्डातल्या ड्रेनेजची लाइनही होती. उतरताना आयोजक कानात म्हणाले, साहेब, कँटीनमधून दोन बाटल्या काढून देता येतील का? येईल म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

आणि ते रोज सकाळी सूर्य, तिरंगा आणि जवानाचा फोटो पाठवणारे. ज्यांनी आयुष्यात होमगार्डची शिट्टीही वाजवली नाही. त्यांना ब्लॉक करायचा मी तीनदा प्रयत्न केला, पण त्यात माझे व्याही आहेत.

भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, मामा, इकडे ह्याच कामासाठी वेगळं मंडळ असतं. डीडी १४९ नावाचा एक फॉर्म भरायचा, मंडळावर वर्दीतले नाही, सिव्हिलियन बसतात. मी म्हटलं, वा, ह्याला म्हणतात देश. मग म्हणाला, तिथेही वर्ष वर्ष लागतं आणि बरेच अर्ज फेटाळतात. तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

तर फोन ठेवला आणि ठरवलं की ह्यांना आता असं उत्तर लिहायचं की आयुष्यभर लक्षात राहील. सुरुवात त्या ‘दिनांक निरंक’पासून. मी क्लार्क माणूस. मी पत्रावर तारीख टाकणार नाही? मी? ज्याने कित्येक हवालदारांचे सुट्टीचे अर्ज तारीख नाही म्हणून परत पाठवले? फाईल काढली, अर्जाची ऑफिस कॉपी बघितली.

तारीख नाही.

विषय आहे, संदर्भ आहेत, संदर्भांना अ ब क आहे, सही आहे, खाली जोडपत्रांची यादी आहे. तारखेची जागा कोरी. बायकोला सांगितलं नाही.

आता राग आणखी वाढला, पण कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून पलंगाखालची ट्रंक ओढली. माझा जुना धंदा, महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची एक कार्बन प्रत स्वतःजवळ. जांभळी पडलेली, कडा कुरतडलेली. पार्ट टू ऑर्डर्स, मूव्हमेंट ऑर्डर्स, नको ते कागद. आणि सगळ्यात खाली तो नॉमिनल रोल. स्टार कोणाला आणि मेडल कोणाला, युनिटने वर पाठवलेली मूळ यादी. परिशिष्ट अ स्टारवाले, परिशिष्ट ब रिअर पार्टी.

परिशिष्ट ब, शेवटून दुसरं नाव. माझं. नंबर, रँक, ट्रेड, आडनाव, सगळं स्वच्छ. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं जिथे असतात तिथे, माझीच आद्याक्षरं.

जमिनीवर बसलो होतो, बसूनच राहिलो. मग आठवलं. यादी केली तेव्हा लढाई संपली होती, मला ऑफिसच्या कामाला रिअरला खाली आणलं होतं. रिअरचा हजेरीपट समोर ठेवून परिशिष्ट ब टाइप केलं. हजेरीत माझं नाव होतं. हाताने टाइप केलं, डोकं कुठे तरी होतं. सातशेच्या वर नावं होती त्या यादीत. बाकीच्यांत एक चूक नाही, मी आज बसून पुन्हा तपासली, सवयीने. वर गेलेल्या स्वयंपाक्याचं नाव अ मध्ये आहे. न्हाव्याचं नाव अ मध्ये आहे. पाणी भरणाऱ्याच्या आडनावातला दुर्मिळ जोडाक्षराचा घोळसुद्धा मी निस्तरलेला आहे.

आणि रिटायर होताना सगळं रेकॉर्ड वाचायला देतात, ‘पढ़ के समझ लिया’ म्हणून सही घेतात. घेतली होती. संध्याकाळची गाडी होती, रिझर्वेशन कन्फर्म होतं. मीच शंभर जणांना ओरडून सांगायचो, बाबांनो, वाचून सही करा.

बायको दारात येऊन म्हणाली, सापडलं का काही? म्हटलं, सापडलं. कोणाची चूक होती? म्हटलं, क्लार्कची. ती म्हणाली, तरी मी म्हणत होते, ही क्लार्क लोकं अशीच.

पण म्हणून काय झालं! चूक माझी, कबूल. चूक दुरुस्त करणं तर तुमचं काम ना? माझ्या हयातीत माझ्या टेबलावर चुकीचा कागद आला तर मी त्यावर ऑब्झर्वेशन, म्हणजे त्रुटीचा शेरा, मारून... परत पाठवायचो. बरं, पाठवायचो. पण स्टार मिळवायला स्टारचं सर्टिफिकेट जोडा असं ऑब्झर्वेशन मी बापजन्मात मारलं नाही! तेवढी तरी लाज होती आम्हाला.

देवळाली कॅम्पात फौजी सामानाच्या दुकानात मेडलची रिबन बदलायला गेलो होतो गेल्या वर्षी. काउंटरच्या काचेखाली मेडलं ओळीने मांडलेली. दुकानदार म्हणाला, साहेब, विजय स्टार हवाय का? आहे स्टॉकमध्ये. अडीचशे रुपये. मी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि परत ठेवला. अडीचशे रुपयांत मिळतो, बिल देतो, पुरावा मागत नाही.

आता नवीन अर्ज लिहायला बसलोय. जेवण गार झालंय, ती दोनदा बोलली. जोडपत्र १, पे-बुकाची प्रत. जोडपत्र २, नॉमिनल रोलची कार्बन प्रत, त्यात चूक माझ्या हातून झाल्याची कबुली एका ओळीत. एका ओळीत पुरे, जास्त नाही. ‘सदर चूक अर्जदाराच्याच हातून कामाच्या गर्दीत झालेली असून’ असं लिहिलं, मग ‘कामाच्या गर्दीत’ खोडलं, मग परत लिहिलं.

पण त्याच्याही आधी वर उजव्या कोपऱ्यात तारीख टाकली. आकड्यांत आणि अक्षरी.