चिकटलं तर हलकं

गेल्या जूनमध्ये माझी मान उजवीकडे वळायची बंद झाली. उजव्या बाजूने कुणी हाक मारली की वाड्याचा दरवाजा फिरावा तसा मी आख्खा फिरायचो. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर खाली बघून काय करता?" म्हटलं, चित्रं काढतो. "मग समोर बघून काढा," असं म्हणून त्यांनी पाचशे रुपये घेतले.

म्हणून टॅबलेटसाठी स्टँड आणला. मॅग्नेटवाला. घरात किंमत निम्मीच सांगितली. खाली जडशीळ बूड, त्यावर वाकणारा हात आणि हाताच्या टोकाला सपाट पाटी. पाटीच्या पोटात लोहचुंबकं. टॅबलेट जवळ नेला की शेवटचं बोटभर अंतर तो आपल्या हातात राहतच नाही, खट्‌कन तिकडे जातो. पुढून बघितलं तर अधांतरी तरंगतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही चहा घेऊन त्याच्यासमोर बसलो. आई म्हणाली, "छान आहे. पडेल."

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅडजस्टेबल' असं लिहिलं होतं. तिघांच्या बाकावर चौथा होऊन दादर ते मुलुंड आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द नवा नाही. पण लोकलमध्ये निदान सगळेच थोडं थोडं सरकतात. इथे एकटा मीच सरकत होतो.

नुसतं बघायला स्टँड उत्तम, हे कबूल करतो. ईमेल वाचा, मॅच बघा. व्हिडिओ कॉलला मात्र माझ्या जुन्या टॅबलेटचा कॅमेरा आखूड बाजूला असल्यामुळे, आडवा लावला की मी कायम खिडकीबाहेर बघतोय असं दिसतं. "तुमचं लक्ष आहे ना?" असं मला एका कॉलमध्ये तीनदा विचारलं गेलं.

खरी कथा चित्र काढायला बसल्यावर सुरू होते. चित्र काढणारा माणूस हात टेकवतो. तळहाताची कड टेकल्याशिवाय रेघ येत नाही. आणि लोहचुंबकाचा स्वभाव असा, की समोरून कितीही ओढा, हटणार नाही. बाजूने हळूच रेटा, निमूट सरकेल. (काही कचेऱ्यांत कामं अशीच होतात, पण ते असो.) दिवाळी अंकाचं काम होतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईत 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी चित्रकाराला श्रावण कसा असतो ते नीटसं माहीत नाही. कथेत एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांची मिशी ओढत होतो, इतक्यात टॅबलेट दोन मिलिमीटर खाली घसरला आणि मिशी थेट कानात गेली. रेघ मागे घ्यायला दोन बोटं टेकवली, तर त्या धक्क्याने आख्खा टॅबलेट मागे कलला आणि हेडमास्तर छताकडे बघू लागले.

मग तो तिरपा करून पाहिला. आता घसरेना, पण वरच्या कोपऱ्यात आभाळ रंगवायला गेलं की नंदीबैलासारखी मान डोलवायचा. बिजागरी घट्ट करायला सोबत एक वाकडी किल्ली आली होती. स्टँड दोन गुडघ्यांत धरून ती अशी पिळली, की बिजागरी त्यानंतर हललीच नाही. म्हणजे डोलणं थांबलं. अ‍ॅडजस्टेबल होणंही थांबलं.

एलिमेंटरीच्या परीक्षेला मी पॅड मांडीवर घेऊन, कडेला पाण्याचा डबा ठेवून, बी ग्रेड मिळवली होती. तेव्हा मान वळत होती.

दरम्यान आईला त्या स्टँडचा खरा उपयोग सापडला. आधी तिने त्यावर टाचण्या, सेफ्टी पिना आणि कपाटामागे हरवलेली शिवणाची सुई जमा केली. मग एका दुपारी मी जेवून आडवा झालो असताना स्वयंपाकघरातून खट्, खट् असा आवाज येऊ लागला. जाऊन बघतो तर आई तो सव्वा किलोचा स्टँड कडेवर घेतल्यासारखा धरून मांडणीतलं एकेक भांडं त्याला लावून बघत होती.

"चिकटलं तर हलकं स्टील," ती म्हणाली. "आमचा भांडीवाला असंच बघायचा."

मी तिला सांगितलं, की चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते निकेलमुळे चिकटत नाही हे खरं, पण निकेलऐवजी मँगनीज घातलेलं स्वस्तातलं स्टीलही चिकटत नाही, तेव्हा नुसत्या चुंबकावर... "सरक जरा," आई म्हणाली.

तिच्या लग्नातला डबा चिकटला नाही. नाशिकहून आणलेली पिंपं चिकटली नाहीत. बायकोच्या माहेरचा डबा लावताना स्वयंपाकघरात जी शांतता होती ती मी विसरणार नाही. सुदैवाने तोही चिकटला नाही. आणि मग आमच्या वास्तुशांतीला मामीने दिलेलं जाड बुडाचं पातेलं खट्‌कन जाऊन बसलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. "वहिनींनी," ती शेवटी म्हणाली, "सांगून दिलं होतं, भारीतलं आहे म्हणून." ते पातेलं त्या दिवसापासून माळ्यावर गेलं.

गणपतीत मामी आली. नेमकी त्याच सकाळी सोसायटीत पाइपच्या दुरुस्तीसाठी गॅस बंद. बायकोने इंडक्शनची शेगडी काढली, आईच्या लग्नातलं पातेलं ठेवलं. शेगडी नुसती पीं पीं करत राहिली. दुसरं ठेवलं, पीं पीं. जे लोहचुंबकाला चिकटत नाही त्याला ती शेगडीही विचारत नाही. आत पाच पाहुणे चहासाठी ताटकळलेले. मी तेव्हा देवाच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून, पाटावर टॅबलेट ठेवून, हेडमास्तरांची मिशी पूर्ण करत होतो. आईने मला उठवलं, स्टूल दिलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. मान वर होत नव्हती, म्हणून चाचपून काढलं.

चहा दोन मिनिटांत उकळला. मामीने पातेलं ओळखलं.

"अजून वापरता तुम्ही हे?"

"म्हणजे काय," आई गाळणं शोधत म्हणाली, "रोजचंच आहे आमचं. आल्यागेल्याचं सगळं याच्यावरच चालतं, वहिनी."